न्यायसाहाय्यक भूभौतिकी : गोड्या पाण्यातील शोध

नदी, तलाव, धरणाचे जलाशय, कालवे, विहिरी इ. गोड्या पाण्याच्या साठ्यांत बुडालेली अथवा हेतुपुरस्सर टाकलेली प्रेते, शस्त्रे, वाहने व इतर पुराव्याच्या वस्तू यांचा ठावठिकाणा लावण्यासाठी भूभौतिकीय मापनपद्धतींचा जो उपयोग करतात, त्याचा अंतर्भाव न्यायसाहाय्यक भूभौतिकी या शाखेत होतो. ध्वनितरंग, विद्युत् चुंबकीय तरंग, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र व विद्युत् संवाहकता यांच्या मापनांवर या पद्धती आधारलेल्या आहेत. मूलतः त्या खनिजे, भूजल व समुद्रतळ यांच्या अभ्यासासाठी विकसित झाल्या. भूभौतिकीय उपकरण प्रेत किंवा शस्त्र ‘ओळखत’ नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानी घेणे आवश्यक आहे. आजूबाजूच्या सर्वसाधारण मूल्यापासून आढळणारा स्थानिक फरक, म्हणजेच असंगती, ते दाखविते. कित्येक हेक्टर पाण्यातून पाणबुड्याने प्रत्यक्ष तपासण्याजोग्या मोजक्या जागा निवडून देणे हे या पद्धतींचे खरे कार्य होय.

आवश्यकता : पाण्यात नाहीशा झालेल्या व्यक्तीचे प्रेत न मिळाल्यास कुटुंबाला अंत्यविधी करता येत नाही, मृत्यूचे कारण ठरविता येत नाही व वारसाहक्क, विमा, निवृत्तिवेतन इ. बाबी अडून राहतात. सात वर्षांपर्यंत जिच्याविषयी काहीही कळले नाही अशी व्यक्ती हयात आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे प्रतिपादन करणाऱ्यावर येते, अशी तरतूद १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये होती व ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १११ मध्ये कायम राहिली आहे. म्हणजे प्रेत न मिळाल्यास सामान्यतः एवढा काळ घरच्यांना अनिश्चिततेत काढावा लागतो. गुन्ह्याच्या बाबतीत तर प्रेत वा शस्त्र नेमके कोठे, किती खोलीवर व कोणत्या स्थितीत होते हाच कित्येकदा महत्त्वाचा पुरावा असतो. पाण्यात अंदाजाने गळ फिरविल्यास वस्तू कदाचित मिळते, परंतु तिची मूळ जागा व स्थिती यांची नोंद नाहीशी होते.

ऐतिहासिक : १९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आपटून बुडाल्यानंतर पाण्यातील अडथळे ध्वनीने ओळखण्याच्या प्रयत्नांना जोर आला. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वॉर्ट्‌झ स्फटिकापासून निर्माण केलेल्या श्राव्यातीत तरंगांचा उपयोग केला. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून पाणबुड्या शोधण्यासाठी चुंबकत्वमापक वापरण्यात आले. तळाचे चित्र उमटविणारे पार्श्वदर्शी सोनार १९६० नंतरच्या दशकात व्यापारी स्वरूपात उपलब्ध झाले. हॅरल्ड एजर्टन व मार्टिन क्लाइन या अमेरिकी अभियंत्यांचा त्यात मोठा वाटा होता. रेडिओ तरंगांनी हिमनदीची जाडी मोजण्याचा प्रयोग १९२९ मध्ये ऑस्ट्रियात झाला होता. त्यातूनच पुढे भूवेधी रडार विकसित झाले. गोड्या पाण्यातील न्यायसाहाय्यक शोधासाठी या रडारचा उपयोग उत्तर आयर्लंडमधील भूवैज्ञानिक ॲलिस्टर रफेल यांनी बुडालेल्या एका जलस्कूटरच्या शोधात केला (२००६).

ध्वनितरंग पद्धती : प्रकाश गढूळ पाण्यात काही सेंमी. अंतरातच विखुरला जातो. ध्वनी मात्र पाण्यातून सेकंदाला सु. १,५०० मी. वेगाने दूरवर जातो व गढूळपणाचा त्याला फारसा अडथळा होत नाही. साध्या प्रतिध्वनी खोलीमापकाने नावेच्या बरोबर खालची खोली कळते. बहुशलाका खोलीमापकाने नावेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातील खोली एकाच वेळी मोजून तळाचा उठावाचा नकाशा तयार करता येतो.

प्रेत व वाहन यांच्या शोधात सर्वाधिक उपयोगी पडणारे उपकरण म्हणजे पार्श्वदर्शी (साइड-स्कॅन) सोनार होय. नावेमागून ओढल्या जाणाऱ्या माशासारख्या आकाराच्या उपकरणातून दोन्ही बाजूंस पंख्याच्या आकाराच्या ध्वनिशलाका सोडतात. त्यांची कंप्रता सामान्यतः १०० ते १,००० किलोहर्ट्‌झ असते. कंप्रता जितकी अधिक तितका तपशील बारीक, पण पल्ला कमी. तळावर उभारलेली वस्तू ध्वनी परत पाठविते व तिच्या मागे ध्वनी न पोहोचलेला छायेचा भाग राहतो. अनुभवी निरीक्षक वस्तूपेक्षा तिच्या छायेकडेच अधिक लक्ष देतो, कारण छायेवरून उंची काढता येते. उदा., उपकरण तळापासून ४ मी. उंचीवर असून छायेचे टोक त्याच्यापासून २० मी. आडव्या अंतरावर व छायेची लांबी २ मी. असल्यास, समरूप त्रिकोणांच्या नियमाने वस्तूची उंची ०·४ मी. येते. लांबी सु. दीड मीटर व उंची एवढीच असलेली वस्तू पाणबुड्याने पाहण्याजोगी ठरते. १५ मी. लांबीचा ओंडका मात्र वगळता येतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील जीन व सँडी राल्स्टन या दांपत्याने अशाच सोनारने निरनिराळ्या तलावांतून शंभराहून अधिक बुडालेल्या व्यक्तींची प्रेते शोधून दिली आहेत.

गाळात गाडल्या गेलेल्या वस्तूंसाठी काही किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे, तळाच्या आत शिरणारे ध्वनितरंग वापरतात. तथापि कुजणाऱ्या पालापाचोळ्यामुळे गाळात वायूचे बुडबुडे साठले असल्यास ध्वनी तेथूनच परत फिरतो व त्याखालचे काहीही दिसत नाही.

भूवेधी रडार : या पद्धतीत साधारणतः ५० ते २०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे रेडिओ तरंग रबरी अथवा तंतुकाचेच्या नावेतून पाण्यात सोडतात. धातूची नाव चालत नाही. पाण्याचा सापेक्ष विद्युत् अपार्यता स्थिरांक सु. ८० असल्यामुळे या तरंगांचा वेग हवेतील प्रतिनॅनोसेकंद ३० सेंमी. वरून सु. ३·३ सेंमी. पर्यंत उतरतो. परावर्तित तरंग परत येण्यास ३०० नॅनोसेकंद लागले, तर तळ सु. ५ मी. खोल आहे असे समजते. पाणवनस्पतींनी भरलेल्या उथळ तळ्यात सोनार निरुपयोगी ठरते, तेथे रडार उपयोगी पडते. गाळात वायू असला तरी त्याचे काम अडत नाही. परंतु पाण्यातील विरघळलेले क्षार व तळाची चिकणमाती हे त्याचे शत्रू आहेत. संवाहकता वाढेल त्या प्रमाणात तरंगांचे क्षीणन वाढते. सागरजलात ते काही सेंमी. मध्येच विरून जातात. म्हणून रडार नेण्यापूर्वी पाण्याची संवाहकता मोजणे हे पहिले काम असते व त्यास काही मिनिटेच लागतात.

चुंबकीय व विद्युत् पद्धती : चुंबकत्वमापकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील, लोखंडी वस्तूंमुळे होणारे सूक्ष्म फरक मोजतात. भारतातील एकूण क्षेत्र सु. ४० ते ५० हजार नॅनोटेस्ला असते, तर उपकरण एका नॅनोटेस्लाहूनही लहान फरक ओळखू शकते. मात्र लहान वस्तूमुळे होणारा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की तो एक-अष्टमांश उरतो. म्हणून मोटारगाडी दुरून ओळखता येते, पण पिस्तूल किंवा कोयता शोधण्यासाठी उपकरण तळाच्या अगदी जवळून न्यावे लागते. सोने, पितळ, ॲल्युमिनियम व मानवी शरीर यांचा या पद्धतीने पत्ता लागत नाही. लोहेतर धातूंसाठी विद्युत् चुंबकीय प्रवर्तनावर चालणारे धातुशोधक वापरतात. पाण्यावर तरंगत्या किंवा तळावर पसरलेल्या केबलीवरील विद्युत् अग्रांच्या साहाय्याने रोधकता मोजून गाळाची जाडी काढता येते. वस्तू गाळात किती रुतली असावी याचा अंदाज त्यावरून बांधतात. रोधकता मापनाची ही पद्धत महाराष्ट्रात अपरिचित नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींच्या जागा निवडण्यासाठी तिचाच उपयोग करीत आली आहे.

पाण्यातील प्रेताची स्थिती : मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. फुप्फुसांतील हवा निघून गेल्यावर शरीर सामान्यतः तळाशी जाते. कुजण्याच्या क्रियेत निर्माण होणाऱ्या वायूंमुळे ते पुढे वर येते. उन्हाळ्यातील कोमट व उथळ पाण्यात यास दोन-तीन दिवस पुरतात, थंड व खोल पाण्यात बराच अधिक काळ लागतो आणि फार खोलीवर दाबामुळे शरीर वर येतही नाही. बांधलेले, वजन लावलेले किंवा झुडपात अडकलेले शरीर तळाशीच राहते. साठलेल्या पाण्यात बुडालेली व्यक्ती जेथे दिसेनाशी झाली त्या जागेच्या जवळपासच तळाशी असण्याचा संभव अधिक असतो. म्हणून प्रत्यक्षदर्शीला तो उभा होता त्याच जागी पुन्हा उभे करून दिशा घेणे हे कोणत्याही उपकरणाइतकेच महत्त्वाचे असते. मऊ ऊतींतून ध्वनी बव्हंशी पलीकडे निघून जातो. त्यामुळे खडकाळ तळावर प्रेताची प्रतिमा अस्पष्ट, तर सपाट गाळावर ती स्पष्ट उमटते.

स्थानिक परिस्थिती व पद्धतीची निवड : पाण्याचा व तळाचा प्रकार बदलला की पद्धतही बदलावी लागते. याचे बोलके उदाहरण म्हणून बुलढाणा जिल्ह्याचा विचार करता येईल, कारण या एकाच जिल्ह्यात परस्परांहून अगदी भिन्न असे जलसाठे आहेत. जिल्ह्याच्या घाटावरील भागात दख्खनच्या बेसाल्ट खडकावर पैनगंगेवरील येळगाव व पेनटाकळी, तसेच खडकपूर्णा नदीवरील देऊळगाव राजा तालुक्यातील धरण यांचे गोड्या पाण्याचे जलाशय आहेत. त्यांच्या मोकळ्या, खोल भागात पार्श्वदर्शी सोनार ही पहिली पसंती ठरते. रडार तेथील पाण्यातून जाऊ शकते, परंतु काळ्या कापसाच्या जमिनीतून वाहून आलेल्या चिकणमातीच्या गाळात ते फारसे शिरत नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे खनिज असल्याने त्याचे धोंडेच चुंबकीय असंगती निर्माण करतात. त्यातच काठालगत शेतकऱ्यांच्या पाणउपसा पंपांचे लोखंडी नळ असतात व विसर्जित मूर्तींच्या आतील सळ्या तळाशी पडलेल्या असतात. त्यामुळे एकट्या चुंबकत्वमापकावर विसंबल्यास पाणबुड्यांचे श्रम निष्फळ लक्ष्यांवर खर्ची पडतात. सोनारने आकार व चुंबकत्वमापकाने लोह, अशी दोन्ही साक्ष एकाच जागी जुळली तरच ती जागा आधी तपासणे श्रेयस्कर.

घाटाखालील पूर्णा नदीच्या जाड गाळाच्या मैदानात भूजल खारट असून हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील खारट विहिरी, डबकी व ओल्या चिकणमातीचे काठ यांत भूवेधी रडार जवळजवळ निरुपयोगी होय. लोणार येथे हा भेद एकाच विवरात दिसतो. काठाच्या उतारावरील धार या झऱ्याचे पाणी गोडे आहे, तर सु. १·८ किमी. व्यासाच्या आघाती विवराच्या तळाशी असलेल्या सरोवराचे पाणी खारे व तीव्र क्षारीय (पीएच मूल्य सु. १०) आहे. सरोवरात रडार चालणार नाही, सोनार चालेल. मात्र तळाखाली सु. १०० मी. जाडीचा गाळ असल्याचे वेधनांवरून दिसून आल्यामुळे जड वस्तू तळावर न राहता मऊ चिखलात रुतण्याची शक्यता तेथे धरावी लागते.

विहिरी व प्लॅस्टिकचे अस्तर असलेली शेततळी यांत बुडून होणारे मृत्यू ग्रामीण भागात नेहमीचे आहेत. अशा लहान जागी भूभौतिकीय उपकरणांचा आग्रह धरणे गैर होय. पंपाने पाणी उपसणे हाच तेथे सोपा व निश्चित उपाय असतो. त्याचप्रमाणे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडत असल्याने एप्रिल-मेमध्ये जलाशय आटतात व पावसाळ्यात पाण्याखाली असलेला तळ उघडा पडतो. जुन्या प्रकरणांतील शोधासाठी हा काळ सर्वांत अनुकूल असतो. भोई व इतर मच्छीमार यांना तळाचे उतार, बुडालेली झाडे व प्रवाहाची वळणे यांची जी माहिती असते, ती शोधाचा नकाशा आखताना प्रथम मिळवावी लागते.

वाहत्या पाण्यातील शोध : साठलेल्या पाण्यापेक्षा पूर आलेल्या नदीत शोध फार कठीण असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळून राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या व एक मोटार पुरात वाहून गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व तटरक्षक दल यांनी शोध घेतला. यारीला बांधलेले सु. ३०० किग्रॅ. वजनाचे चुंबक पाण्यात फिरविण्यात आले. काही प्रेते नदीच्या मुखाकडे दूरवर वाहत गेली, परंतु पहिल्या बसचा सांगाडा नऊ दिवसांनी नौदलाच्या पाणबुड्यांना पुलापासून काही शेकडो मीटरांच्या आतच सापडला. हलके व तरंगणारे दूर जाते, जड वाहन मात्र पुढील पहिल्या खोलगट भागात अडकते, हा धडा या घटनेतून मिळतो. प्रेतांचा व वाहनांचा शोध निरनिराळ्या क्षेत्रांत आखावा लागतो, असा त्याचा अर्थ होय.

असंगती सापडणे व वस्तू हाती येणे यांत किती अंतर असू शकते, हे कारवार जिल्ह्यातील (उत्तर कन्नड) घटनेने दाखविले. अंकोला तालुक्यातील शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी दरड कोसळून राष्ट्रीय महामार्गावरील एक मालमोटार चालकासह गंगावळी नदीत गेली. सोनार, रडार इत्यादींच्या साहाय्याने नदीपात्रातील संभाव्य जागा जुलैमध्येच दर्शविल्या गेल्या होत्या. तथापि प्रवाहाचा जोर, गढूळपणा व दरडीबरोबर आलेली माती आणि दगड यांमुळे पाणबुड्यांना तेथे काम करता आले नाही. अखेरीस गोव्याहून आणलेल्या गाळ उपसणाऱ्या नौकेच्या साहाय्याने २५ सप्टेंबर रोजी मालमोटार व तीतील चालकाचे अवशेष वर काढण्यात आले. सत्तर दिवसांनंतर का होईना, कुटुंबाला अंत्यसंस्कार करता आले.

शोधाची पद्धती व पुराव्याचे मूल्य : शोधाचे टप्पे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात : घटनेची माहिती व जलाशयाचे जुने नकाशे अभ्यासणे, पाण्याची संवाहकता, खोली व प्रवाह मोजणे, योग्य पद्धत निवडून समांतर रेषांत, शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर येतील अशा बेताने सर्वेक्षण करणे, असंगतींचे स्थान उपग्रहाधारित पद्धतीने नोंदविणे, त्यांचा अग्रक्रम ठरविणे, आणि पाणबुड्याकडून अथवा दूरनियंत्रित कॅमेऱ्याने खात्री करून घेणे. सर्वेक्षणाआधी सारख्या आकाराची वस्तू ज्ञात जागी बुडवून ती उपकरणात दिसते की नाही हे पाहणे इष्ट असते. वस्तू वर काढण्यापूर्वी तिची जागा व स्थिती यांची नोंद करतात. प्रेताच्या बाबतीत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ अन्वये (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) मरणान्वेषण करावे लागते. बुडून मृत्यू झाला की मृत्यूनंतर प्रेत पाण्यात टाकले, हे ठरविताना डायाटम या सूक्ष्म शैवलांच्या परीक्षेसाठी त्याच जागेच्या पाण्याचा नमुनाही घेतात.

सापडलेली वस्तू हीच हवी असलेली वस्तू आहे, असे भूभौतिकी सिद्ध करू शकत नाही. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील हत्येच्या तपासात केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२० मध्ये ठाण्याजवळच्या खाडीच्या तळातून परदेशी पाणबुडे व चुंबक यांच्या साहाय्याने एक पिस्तूल वर काढले. परंतु गोळी त्याच पिस्तुलातून सुटली की नाही, हा प्रश्न प्राक्षेपिकी परीक्षणाच्या कक्षेतील असतो. शोध, ओळख व सिद्धता या तीन भिन्न पायऱ्या आहेत.

काही न सापडणे हाही शोधाचा एक निष्कर्ष असतो, मात्र तो काळजीपूर्वक मांडावा लागतो. एखाद्या पद्धतीने वस्तू असल्यास ती दिसण्याची शक्यता ८० टक्के असेल, तर एका सर्वेक्षणात ती निसटण्याची शक्यता २० टक्के राहते. तितक्याच क्षमतेच्या, पण वेगळ्या तत्त्वावरील दुसऱ्या पद्धतीने सर्वेक्षण केल्यास ती ४ टक्क्यांवर येते. हे गणित दोन्ही पद्धतींच्या चुका परस्परांवर अवलंबून नसतील तरच खरे ठरते. एकाच सोनारने त्याच गाळावरून दहा वेळा गेल्यास गाळाखालील वस्तू दहाही वेळा निसटेल. म्हणून अहवालात कोणते क्षेत्र, कोणत्या पद्धतीने, किती आकाराच्या वस्तूसाठी तपासले व कोणते भाग तपासता आले नाहीत, हे स्पष्ट नमूद करणे आवश्यक असते. ‘येथे नाही’ हे साधार सांगता आले, तर अन्वेषकांना पुढील पाण्याकडे वळता येते व काठावर वाट पाहणाऱ्या नातेवाइकांना खोटी आशा वा खोटी खात्री न देता सत्य परिस्थिती सांगता येते.